ऐकण्याची सावड

गणित परिषदेचं माहितीपत्रक हाती आलं की पहिली तीन पानं सरळ उलटून टाकायची असतात. पहिल्या पानावर संस्थेचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव आणि खजिनदार असतात, दुसऱ्यावर विश्वस्त, तिसऱ्यावर प्राचार्य, उपप्राचार्य आणि समित्या. स्वागत समिती, भोजन समिती, निवास समिती, मंडप समिती, प्रसिद्धी समिती. गणित येतं चौथ्या पानावर, आणि नोंदणी शुल्काच्या तक्त्याला जागा करून देत तिथेच आटोपतं.

परिषदेचं नाव 'रिसेंट ट्रेंड्स इन' असं सुरू होतं. अशी सक्ती कुणी केलेली नाही, पण हा रिवाज मोडायची कुणाची छातीही होत नाही. खाली विषयांची यादी असते: बीजगणित, टोपॉलॉजी, ग्राफ थिअरी, फ्रॅक्शनल कॅल्क्युलस, वैदिक गणित, मशीन लर्निंग 'आणि संबंधित सर्व विषय'. यादीतले शेवटचे शब्द फार मोलाचे. त्यांच्या आधारावर वाणिज्य शाखेच्या एका सरांनी जीएसटीवर निबंध वाचलेला मी ऐकला आहे. ट्रेंड्स कितीही रिसेंट असले तरी निबंधांत राहून राहून उगवणारं नाव असतं १९२२ सालचं. त्या साली स्टेफान बानाख या पोलिश गणितज्ञाचं स्थिरबिंदूचं प्रमेय छापून आलं. त्यातली एक अट ढिली कर, दुसरी आवळ, असं करत करत आमच्या भागातल्या कितीतरी पीएचड्या पार पडल्या. बानाखसाहेबांचा फोटो खरं तर पहिल्या पानावर हवा, खजिनदारांच्या शेजारी.

मग येतो 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द. प्राध्यापकांच्या बढतीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली गुणांची पद्धत आणली. तीत राष्ट्रीय परिषदेत निबंध वाचला तर कमी गुण आणि आंतरराष्ट्रीय परिषदेत वाचला तर जास्त, असा हिशेब होता. त्यानंतर आपल्याकडच्या परिषदा बघता बघता आंतरराष्ट्रीय झाल्या. त्यासाठी राष्ट्राबाहेरचा एक माणूस पुरतो. पूर्वी त्याला तिकीट काढून आणावा लागे. करोनापासून तो लिंकवर येतो. सभागृहाच्या पडद्यावर एक झोपाळलेला चेहरा दिसतो, आवाज येत नाही, दोन प्राध्यापक एकाच वेळी 'सर, यू आर ऑन म्यूट' असं ओरडतात आणि परिषदेचं आंतरराष्ट्रीयत्व सिद्ध होतं.

आता आम्ही संशोधक विद्यार्थी तिथे का जातो, तर नियम होता म्हणून. २०१६च्या नियमावलीत प्रबंध सादर करण्याआधी एक निबंध प्रसिद्ध करणं आणि परिषदांमध्ये दोन निबंध वाचणं बंधनकारक होतं. दोन वाचनं म्हणजे दोन प्रमाणपत्रं, आणि प्रमाणपत्र म्हणजे फाईल. २०२२च्या नव्या नियमावलीने ही अट काढून टाकली. कायद्याने आता आम्ही घरी बसायला मोकळे आहोत. तरीही डिसेंबर ते फेब्रुवारी जिल्ह्यात जिथे जिथे मंडप पडतो तिथे तिथे आम्ही हजर असतो. संगमनेर असो, कोपरगाव असो, श्रीरामपूर असो की खुद्द नगर. गाठीचे पैसे भरून, पहाटेची एसटी धरून, खांद्याला लॅपटॉप अडकवून. नियम गेला तरी पाय थांबले नाहीत, याचा अर्थ कारण दुसरंच होतं.

ते कारण समजायला गणिताच्या पोराचं घरचं दुःख माहीत हवं. राहुरीच्या कृषी विद्यापीठात संशोधन करणारा आमचा मित्र गावी आला की लोक त्याच्याभोवती गोळा होतात. तो कांद्यावर बोलतो, उसावर बोलतो, 'फुले त्रिवेणी' गाय किती दूध देते ते सांगतो. रसायनशास्त्रवाल्याकडे दाखवायला निदान एक बाटली असते. माझ्याकडे सेमीग्रुप आहे. चुलत्यांनी एकदा ओट्यावर बसून मनापासून विचारलं, "कशावर करतो रं तू पीएचडी?"

"सेमीग्रुपवर, आप्पा."

"म्हंजी बचत गट?"

"तसं नाही. आधी ग्रुप असतो. त्याच्यातल्या दोन अटी काढल्या की सेमीग्रुप."

आप्पांनी थोडा विचार केला. "म्हंजी ज्यांनी हप्ते भरले न्हाईत त्यांना काढल्यावर उरतो तो." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पण गणितात आता शोधायचं काय ऱ्हायलंय? व्हतं ते सगळं पुस्तकात आलं की."

आप्पांचा दोष नाही. विद्यापीठ १२० किलोमीटरवर पुण्यात, मार्गदर्शक सर परीक्षेच्या कामात, आणि तालुक्यात माझा विषय कळणारा दुसरा माणूस नाही. रात्री दोन वाजता एखादी उपपत्ती जमून येते तेव्हा ती सांगायची कुणाला? गोठ्यातली म्हैस ऐकून घेते, पण शंका काढत नाही.

हे एकटेपण जुनं आहे. आपल्या देशातली गणिताची सगळ्यात जुनी संघटना, इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी, १९०७ साली निघाली, ती व्ही. रामस्वामी अय्यर नावाच्या एका डेप्युटी कलेक्टरांच्या पुढाकाराने. महसुलाच्या कामातून वेळ काढून हा गृहस्थ भूमिती करत असे. गावी ना पुस्तकं ना नियतकालिकं, ना बोलायला माणूस. त्यांनी ठिकठिकाणच्या परिचितांना पत्रं धाडली. संघटनेचं ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ठेवलं गेलं आणि तिथून सभासदांना टपालाने पुस्तकं जाऊ लागली. जमाबंदीचे कागद बघता बघता ज्याला त्रिकोण आठवतात त्या माणसाला ऐकणारा किती निकडीने हवा असेल, हे आमच्याइतकं कुणाला कळणार?

आमच्याकडे शेतकऱ्यांत सावड असते. ज्याच्याकडे पुरते बैल नाहीत, पुरती माणसं नाहीत, ते एकमेकांच्या रानात पाळीपाळीने राबतात. आज तुझी पेरणी, उद्या माझी. पैसा फिरत नाही, माणसं फिरतात. गणित परिषद ही ऐकण्याची सावड आहे. तुझ्या ग्राफ थिअरीतलं मला काही कळत नाही, पण मी दहा मिनिटं मान डोलावतो. माझा सेमीग्रुप तुला कळत नाही, पण तू माझ्या वेळेला पहिल्या बाकावर बसायचं. बाकीचं सगळं, म्हणजे समई, शाल, स्मरणिका आणि जिलेबी, हे त्या सावडीचं अवजार-औत.

परिषदेची पहिली परीक्षा पोचण्यात होते. बाहेरगावच्या प्रतिनिधीला निमंत्रक फोनवर सांगतात, 'स्टँडवर उतरा, मुलं घ्यायला येतील.' नगरला स्टँड तीन. माळीवाडा, तारकपूर आणि पुणे स्टँड. स्टँड आहे हे सिद्ध होतं, तो एकमेव आहे हे सिद्ध होत नाही. मुलं माळीवाड्यावर फलक धरून उभी, प्रमुख वक्ते तारकपूरला चहा पीत. त्यात गाडीवर पाटी अहिल्यानगरची, माहितीपत्रकावर अहमदनगर आणि कंडक्टरच्या तोंडी नुसतं नगर. कोलकात्याहून आलेल्या एका प्राध्यापकांना ही तीन वेगळी गावं वाटली होती.

उद्घाटनाची वेळ दहा आणि सुरुवात साडेअकराला. दीपप्रज्वलनासाठी पंखे बंद करतात आणि समई पेटल्यावर ते पुन्हा लावायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. मग विद्यापीठ गीत, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, परिचयाचा परिचय. सत्कारात हल्ली शालीऐवजी रोप देतात. व्यासपीठावरचा प्रत्येक जण मांडीवर कुंडी घेऊन बसलेला असतो.

उद्घाटक बहुधा साखर कारखान्याचे कुणी असतात. यात नवल नाही. सहकारी साखर कारखानदारीची मुहूर्तमेढ याच जिल्ह्यात, प्रवरानगरला रोवली गेली, आणि कारखान्यांच्या आधाराने पुढे शाळा-कॉलेजं उभी राहिली. उद्घाटक माइकपाशी येतात आणि म्हणतात, "गणिताशी आपलं शाळेपासून वाकडं." दिवसातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या या वाक्याला पडतात, आणि सगळ्यात जोरात टाळ्या वाजवतात ते गणिताचे प्राध्यापक. हेच गृहस्थ गाडीत बसल्यावर कालचा उतारा दोन दशांश स्थळांपर्यंत सांगतात, एफआरपीचे हप्ते तोंडी मांडतात. कुठल्या गटात किती सभासद मयत आहेत, त्यातल्या किती वारसांची नोंद झाली आहे आणि किती मतं फुटली तर पॅनल पडेल, हे कागद न घेता सांगतात. एवढं येत असताना 'मला गणित येत नाही' असं चारचौघांत सांगता येणं हाच राजकारणातला पुढचा धडा असावा.

चहा झाला की समांतर सत्रं. समांतर रेषा एकमेकींना भेटत नाहीत आणि समांतर सत्रांना श्रोते भेटत नाहीत. माझं सत्र पहिल्या मजल्यावरच्या एका वर्गात होतं. फळ्यावर पक्षांतरबंदी कायद्याची टिपणं आणि खाली चौकटीत 'कृपया पुसू नये'. तेव्हा माझं प्रमेय पक्षांतरबंदीच्या उजवीकडे उरलेल्या चार बोटं जागेत मांडावं लागलं. श्रोते मोजले तर सत्राध्यक्ष, माझ्या आधी बोललेला आणि आपला पेनड्राइव्ह परत मिळण्याची वाट बघणारा एक जण, माझ्यानंतर बोलायचं असलेली आणि त्या काळजीने पांढरी पडलेली एक ताई, माझा फोटो काढायला आलेला मित्र, आणि शिपाईमामा. मामांच्या हातात प्रोजेक्टरचा रिमोट असतो. तो त्यांच्याखेरीज कुणाला चालत नाही. ते रिमोटची पाठ तळहातावर आपटतात, सेल फिरवतात, एकदा खिडकीकडे बघतात, आणि पडद्यावर निळा उजेड येतो.

वेळ दहा मिनिटं. व्याख्यांना सहा लागतात, प्रमेयाला तीन, आणि पुरावा 'वेळेअभावी' सोडावा लागतो. याची लाज बाळगायचं कारण नाही. १९०० साली पॅरिसच्या जागतिक परिषदेत डेव्हिड हिल्बर्ट पुढच्या शतकासाठी २३ प्रश्न घेऊन उभा राहिला आणि भाषणात त्यांतले १०च सांगू शकला. उरलेले १३ छापील निबंधातून कळले. आमच्या सत्राध्यक्षांची घंटा पॅरिसमध्येही ऐकू येत असणार.

मग प्रश्नोत्तरं. इथे एक गोष्ट नवख्याने लवकर शिकून घ्यावी: प्रश्न विचारायला विषय कळावा लागत नाही. 'हे वरच्या मितींमध्येही खरं आहे का?' हा प्रश्न कुठल्याही निबंधावर चालतो. 'अटी थोड्या शिथिल केल्या तर?' हाही चालतो, विशेषतः बानाखवाल्यांना. 'याचा व्यवहारात उपयोग काय?' हा सत्राध्यक्षांचा राखीव. त्यावर 'क्रिप्टोग्राफी' असं उत्तर द्यायचं असतं. पुढे कुणी विचारत नाही, कारण गुप्तता हा त्या शास्त्राचा धर्मच आहे. आणखी एक जातिवंत प्रश्न असतो, ज्याच्या शेवटी प्रश्नचिन्हच नसतं: 'आमच्या २०११च्या पेपरमध्ये आम्ही हे थोडं वेगळ्या पद्धतीने केलं आहे.' त्याला 'थँक यू सर, नक्की बघतो' म्हणावं आणि संदर्भ यादीत जागा करावी.

बोलण्यापेक्षा न बोलून परिषद जिंकणारा माणूस एकच होऊन गेला. दोनाचा ६७वा घात करून त्यातून एक वजा केला की १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही संख्या मिळते. ती मूळ संख्या आहे असं मर्सेनने १६४४मध्ये सांगून ठेवलं होतं. लुकासने १८७६मध्ये दाखवलं की नाही, तिचे अवयव पडतात. पण कोणते ते त्याला सांगता आलं नाही. १९०३ साली न्यूयॉर्कच्या परिषदेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेला. असं सांगतात की तो एक अक्षर बोलला नाही. एका बाजूला ती संख्या मांडली, दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार हाताने केला, दोन्हीकडे एकच उत्तर आलं आणि तो जागेवर जाऊन बसला. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. त्याच्या सत्राध्यक्षांनी क्रिप्टोग्राफीचं विचारलं नाही. आणि फळाही अख्खा पुसलेला मिळाला असणार.

आमच्याकडे सावड खरी फळते ती जेवणानंतर. पुरी, मटकीची उसळ, मसालेभात, कढी आणि जिलेबी. ताट एका हातात धरून दुसऱ्या हाताने हवेत बाण आणि कंस काढणारी माणसं मंडपात ठिकठिकाणी उभी असतात. व्यासपीठावर 'रिस्पेक्टेड चेअरपर्सन' म्हणून बोलणारा इथे 'अरे बाबा, तुझी दुसरी अट फुकटची आहे, बघ' असं मराठीत सांगतो. माझ्या प्रबंधातला अडकलेला एक मुद्दा कढीच्या पातेल्याशेजारी सुटला आहे. सोडवणारे सर सोलापूरचे होते आणि सकाळी माझ्या सत्राला आले नव्हते.

अशाच एका दुपारी फुलं द्यायच्या समितीतली बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी कंटाळून बसली होती. तिने विचारलं, "सर, इथं आम्हाला कळेल असं काही नाही का?" म्हटलं, चार आकडी संख्या सांग, सगळे अंक सारखे नकोत. पहिली एसटी पुण्याहून नगरला आली ते साल, १९४८, तिने सांगितलं. मागच्या भिंतीवर सामान्य ज्ञानाचा तक्ता होता. अभिप्राय फॉर्मच्या पाठीवर आम्ही आकडेमोड मांडली. अंक उतरत्या क्रमाने, ९८४१, चढत्या क्रमाने, १४८९, वजाबाकी ८३५२. पुन्हा तेच. ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आता पुन्हा कर. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. ती म्हणाली, योगायोग. मग नगरचं नाव बदललं ते २०२४ घेतलं. ३९९६, ६२६४, ४१७६, आणि चौथ्या पायरीला ६१७४. तोवर रिमोटवाले मामा पाठीमागे येऊन उभे होते. त्यांनी आपल्या एमएच १६ मोटारसायकलचा नंबर सांगितला. सहा पायऱ्या लागल्या, पण पोचलो तिथेच. जास्तीत जास्त सात लागतात.

मामा बराच वेळ कागदाकडे बघत होते. "म्हणजे निघा कुठूनबी, गाडी एकाच स्टँडला लागती," ते म्हणाले. "नगरात ही सोय नाही."

६१७४चा हा शोध देवळालीच्या एका शाळामास्तरांचा. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, १९०५चा. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात नोकरी नाही. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. आपल्याकडच्या बऱ्याच जाणत्यांना त्यांचं काम म्हणजे पोरखेळ वाटे. १९७५मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा कुठे त्यांचं नाव जगभर गेलं. परिषद ते टाळ्या, अंतर २६ वर्षं. कापरेकरांना पीएचडीची फाईल भरायची नव्हती, बढतीचे गुण नको होते. शाळेचा मास्तर मद्रासपर्यंत जातो तो ऐकणारा शोधायलाच.

समारोप साडेतीनला, आणि प्रमाणपत्रं समारोपानंतर. चार वाजताची गाडी असणाऱ्यांना बांधून ठेवायची ही युक्ती आहे. तरीही माणसं पातळ होत जातात. व्यासपीठावर नऊ आणि खाली सात अशी अवस्था आली की आभारप्रदर्शन सुरू होतं. आभारात मंडपवाले, आचारी आणि वीज मंडळ येतात. प्रमाणपत्रावर माझं नाव बरोबर असतं तेव्हा निबंधाचं चुकलेलं असतं. एकदा तर मी 'सेमीकंडक्टर'वर निबंध वाचल्याचा दाखला मिळाला. गाईड म्हणाले, राहू दे, त्याला सध्या मागणी आहे.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. नगरहून पुण्याला निघालेल्या एसटीत शेजारी परिषदेची पिशवी मांडीवर घेतलेला एखादा पोरगा किंवा पोरगी दिसली, तर 'कशावर काम करता?' एवढं विचारा. केडगाव सुटेपर्यंत लाजतील. सुप्यापर्यंत व्याख्या होतील, शिरूरपर्यंत उदाहरणं, रांजणगावला प्रमेय. पुराव्याची काळजी करू नका. वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये गणितातला कुठलाही पुरावा पुरा होतो. तुम्हाला कळलं नाही तरी बिघडत नाही, मधून मधून 'वरच्या मितींमध्ये काय होतं?' असं विचारत राहा. आणि नंतर तुमची पाळी आली की बांधाचा दावा, दुखरा गुडघा, जावयाचा स्वभाव, मनात असेल ते सगळं सांगा. पोरगं शेवटपर्यंत ऐकेल. काहीही न कळता मान डोलावत बसण्याची त्याच्याकडे पुरेशी प्रमाणपत्रं आहेत.